उभ्या इंजिनाचे दुखणे

सप्टेंबर संपत आला, पावसाचा जोर ओसरला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांमध्ये बेणणी सुरू होते. कमरेएवढे माजलेले गवत काढायला पडवीत टांगून ठेवलेला ग्रास कटर खाली येतो. कुणीतरी दोरी ओढतो, पुन्हा ओढतो, चोक देतो, चोक काढतो, आणि तासाभराने ते यंत्र दुचाकीवर आडवे धरून बाजारपेठेतल्या मिस्त्रीकडे नेले जाते. जूनमध्ये चिखलणीच्या तोंडावर पॉवर टिलरचे असेच होते. नोव्हेंबरात आंब्याला मोहोर फुटू लागला की फवारणीच्या पंपांची पाळी येते. काय झाले म्हणून मिस्त्रीने विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते: गेल्या वर्षी अगदी चांगले चालत होते, नुसते ठेवून दिले होते.

दुखण्याचे कारण त्या शेवटच्या चार शब्दांतच असते. शेतातले छोटे इंजिन वर्षातून दोन-तीन महिने राबते आणि उरलेला सगळा काळ कोपऱ्यात उभे असते. राबल्याने ते झिजतेच, पण ती झीज सावकाश होते आणि वेळेवर तेलपाणी केले तर वर्षानुवर्षे पुरवून घेता येते. उभे राहून होणारा बिघाड मात्र एका पावसाळ्यात होऊन जातो. त्यातला बराचसा घरच्या घरी टाळता येतो, आणि टळला नाही तरी कुठे आहे ते घरच्या घरी ओळखता येते. त्यासाठी कारखाना लागत नाही. प्लग पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, एक स्वच्छ काचेची बाटली आणि थोडी शिस्त एवढे पुरते.

सुरुवात टाकीपासून करू, कारण बहुतेक दुखणी तिथूनच निघतात.

टाकीत उरलेले पेट्रोल तसेच राहत नाही. त्यातला हलका, चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो. उरलेल्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन चिकट, पिवळसर राळ तयार होते. ही राळ कार्ब्युरेटरच्या वाटीत साचते आणि जेटच्या छिद्रात बसते. पाच-साडेपाच अश्वशक्तीच्या साध्या पंपाच्या इंजिनात मुख्य जेटचे छिद्र पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, आणि कमी वेगावर पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचे त्याहूनही बारीक. तिथे राळेचा पापुद्रा धरला की संपले. म्हणून पेट्रोल महिन्याभरापेक्षा जास्त साठवू नये, असे बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत छापलेले असते. ते वाचायचे राहून जाते एवढेच.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. भारतात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठले गेले, वीस टक्क्यांचे मिश्रण फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्रास झाले. महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध आहे. उसाची मळी आणि रस यांपासून इथेनॉल करणाऱ्या साखर कारखान्यांना त्यातून उत्पन्नाची नवी वाट मिळाली, आणि ऊस पिकवणाऱ्यांच्या दृष्टीने ती मोलाची आहे. पण त्याच शेतकऱ्याच्या घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा ग्रास कटर असतो, आणि इथेनॉलचे गुणधर्म ठाऊक नसले तर त्या यंत्राचे नुकसान होते.

इथेनॉल पाणी ओढते. दमट हवेत टाकीच्या झाकणाच्या बारीक छिद्रातून आत येणारी वाफ ते धरून ठेवते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे पाच मिलिलिटर पाणी बेमालूम विरघळून राहू शकते. वीस टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा आणखी वर जाते. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारवा पडून पाणी धरून ठेवण्याची ताकद घटली, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतली नळी तळातूनच इंधन ओढते. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो पाणी मिसळलेल्या इथेनॉलचा.

टू-स्ट्रोक ग्रास कटरच्या बाबतीत हे प्रकरण धोक्याचे होते. या इंजिनात वंगणासाठी वेगळे तेल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला आणि बेअरिंगला मिळते. पेट्रोल आणि पाणी वेगळे झाले की तेल वरच्या पेट्रोलसोबत राहते, तळातल्या थरात ते जवळपास नसते. असे इंजिन चुकून चालू झाले आणि कुणी त्याला रेस दिली, तर पिस्टन कोरडा फिरतो, तापतो आणि सिलिंडरमध्ये धरतो. दोन महिने पडून असलेले मिश्रण फेकवत नाही म्हणून वापरले आणि पिस्टन-सिलिंडरचा पूर्ण सेट बदलावा लागला, असे दर हंगामात घडते. अर्धा लिटर पेट्रोल वाचवण्याची ही किंमत फार मोठी आहे.

म्हणून टाकीतले जुने इंधन काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरून पाहावे. तळाशी वेगळा थर किंवा पाण्याचे मणी दिसले, रंग गडद झाला असेल किंवा वार्निशसारखा आंबूस वास येत असेल, तर ते यंत्रात परत घालू नये. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का हेही असेच कळते. निमुळत्या काचेच्या नळीत दहा मिलिलिटर पाणी घ्यावे, वर नव्वद मिलिलिटर पेट्रोल घालून हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि तळाचा थर दहाच्या खुणेच्या बराच वर चढतो. हा प्रयोग उघड्यावर करावा आणि आसपास विडी, चूल, देवापुढचा दिवा काहीही पेटते नसावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीनेही पेट घेते.

इथेनॉलचा आणखी एक परिणाम आहे, तो कमी बोलला जातो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. मोटारीतला संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला तशी अक्कल नसते, त्याचे छिद्र ठरलेले. त्यामुळे जुन्या इंजिनाला इंधन थोडे कमी आणि हवा जास्त मिळते, ते किंचित जास्त तापते, थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले पडदे इथेनॉलने फुगतात, नाहीतर कडक होऊन तडकतात. नळी बोटाने वाकवून पाहिली की कळते. कडक झालेली नळी बदलायला फार खर्च येत नाही, ती हंगामाआधीच बदलून टाकावी.

आता समजा, काळजी घेऊनही यंत्र धरत नाही. मग काय करायचे? बहुतेक लोक सर्वांत आधी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवतात. माझ्या मते घरी करण्यासारखी यापेक्षा वाईट गोष्ट नाही. स्क्रू आपणहून फिरत नाहीत. गेल्या हंगामात ते बरोबर होते, तर आजही बरोबरच आहेत. ते फिरवले की मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर दुसरा तयार होतो.

त्याऐवजी आधी आठवायचे की इंजिन बंद पडले ते कसे. बटण दाबल्यासारखे एकदम थांबले असेल तर संशय विजेवर घ्यावा: प्लग, प्लगची टोपी, कॉइल, बंद करण्याच्या बटणाची वायर. धापा टाकत, रेस कमी-जास्त होत, चोक दिल्यावर क्षणभर सावरून मग विझले असेल तर संशय इंधनावर. गरम झाल्यावर हळूहळू दम तोडला आणि दोरी ओढताना हाताला नेहमीचा विरोध लागत नसेल, तर दाबावर. चांगला मिस्त्री यंत्र उघडण्याआधी हे तीन-चार प्रश्न विचारतो. त्याची निम्मी कारागिरी त्या प्रश्नांतच असते.

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात इंधन आणि हवा, योग्य वेळी ठिणगी, आणि सिलिंडरमध्ये दाब. १८७६ मध्ये निकोलाउस ऑटोने जर्मनीत चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले तेव्हापासून यात मुळापासून काही बदललेले नाही. तिन्हींचा तपास एकाच जागेतून होतो, आणि ती जागा म्हणजे प्लग.

दोरी दहा-बारा वेळा ओढूनही इंजिन धरत नसेल तर प्लग काढून त्याचे टोक पाहावे. ते कोरडे असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. मग टाकी, नळ, गाळणी, कार्ब्युरेटर या वाटेने मागे जायचे. ओले असेल तर पेट्रोल येते आहे पण पेटत नाही. चोक देऊन वारंवार दोरी ओढल्याने इंजिन ओव्हरफ्लो झालेले असते, किंवा ठिणगीच पडत नसते. ओव्हरफ्लोचा उपाय सोपा आहे. पेट्रोलचा नळ बंद करावा, चोक पूर्ण उघडावा, प्लग बाहेर ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढावी म्हणजे आतले जादा पेट्रोल उडून जाते, मग प्लग पुसून, वाळवून बसवावा. प्लग भाजून वाळवायची सवय काहींना असते. पेट्रोलच्या टाकीशेजारी ज्योत पेटवणे हा वेडेपणा आहे, उन्हात ठेवला तरी तो वाळतो.

चालत्या इंजिनाचा प्लग याहून जास्त सांगतो. टोक फिकट तपकिरी, मातकट रंगाचे असेल तर सगळे ठीक. कोरडी, काळी, भुकटीसारखी काजळी असेल तर इंधन जास्त आणि हवा कमी पडते आहे. अशा वेळी आधी एअर फिल्टर पाहावा, तो तुंबलेला निघण्याची शक्यता मोठी. काळे आणि तेलकट असेल तर तेल वर चढते आहे, म्हणजे रिंगा झिजल्या, किंवा टू-स्ट्रोकमध्ये तेल प्रमाणापेक्षा जास्त पडले. पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर इंजिन जास्त तापते आहे, हवा जास्त आणि इंधन कमी आहे. या शेवटच्या रंगाकडे दुर्लक्ष करू नये.

ठिणगी पाहताना प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा आणि दोरी ओढावी. निळसर, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, क्षीण असेल तर आधी नवा प्लग लावून बघावा. प्लग हाताने न धरता कोरड्या इन्सुलेशनच्या पकडीने धरावा, कारण तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि प्लगच्या उघड्या छिद्रापासून तो लांब ठेवावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. अजिबात ठिणगी नसेल तर कॉइल फेकण्यापूर्वी बंद करण्याच्या बटणाची वायर सोडवून पाहावी. ग्रास कटरच्या दांड्यावरून येणारी ही वायर घासून उघडी पडते, दांड्याला चिकटते, आणि इंजिन कायम बंदच्या स्थितीत राहते. उंदरांनी कुरतडलेली वायरही हेच करते. ती सोडवल्यावर ठिणगी आली तर कॉइलचा खर्च वाचला.

दाबाचा अंदाज हाताला येतो. दोरी ओढताना एका ठिकाणी अडल्यासारखी होते आणि मग सुटते, हे दाब असल्याचे लक्षण. ती सुळकन येत असेल तर आधी प्लग घट्ट आहे का बघावे. तो घट्ट असूनही विरोध नसेल तर रिंगा, व्हॉल्व किंवा हेड गॅस्केटचे काम आहे, आणि तिथे घरचा तपास संपतो. चांगली ठिणगी, ताजे पेट्रोल, दाबही आहे आणि तरी दोरी हिसका देऊन उलट खेचते, विशेषतः पाते दगडावर आपटल्यानंतर, तर फ्लायव्हीलची लहानशी चावी सरकल्याचा संशय घ्यावा. ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी.

काही दुखणी तर इतकी साधी असतात की ती माहीत नसल्यानेच पैसे जातात. इंजिन दहा मिनिटे चालते, विझते, थोड्या वेळाने पुन्हा धरते. अशा वेळी विझताक्षणी टाकीचे झाकण सैल करून पाहावे. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन धरले, तर झाकणाचे हवेचे छिद्र धुळीने बुजले आहे. टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरत नव्हते. ग्रास कटरचा रबरी फुगा दाबल्यावर चपटाच राहत असेल तर टाकीतली गाळणी तुंबली आहे. फुग्यात सारखे बुडबुडे दिसत असतील तर नळीला चीर आहे. टू-स्ट्रोकची ताकद दर हंगामाला कमी होत चालली असेल तर सायलेन्सर उघडावा. त्यातली बारीक जाळी आणि सिलिंडरचे धूर सोडणारे भोक काजळीने भरलेले असते, विशेषतः तेल जास्त घालण्याची सवय असेल तर.

तेलाच्या प्रमाणाबद्दल गावोगाव वाद असतात. चांगल्या प्रतीच्या टू-स्ट्रोक तेलासाठी बऱ्याच कंपन्या ५० ला १ सांगतात, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. काही यंत्रांना २५ ला १ लागते, म्हणजे ४०. यंत्राच्या पुस्तिकेत आणि तेलाच्या डब्यावर जे आहे ते मोजून घालावे. औषधाच्या बाटलीचे मोजमाप चालते, अंदाजाचा टोपणभर चालत नाही. आणि फोर-स्ट्रोक मोटारसायकलचे तेल यात कधीही घालू नये. ते जळण्यासाठी बनवलेलेच नसते.

फोर-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळे असते, पण तिथेही एक मेख आहे. पाच-सहा अश्वशक्तीच्या बहुतेक आडव्या शाफ्टच्या इंजिनांत तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक चमच्यासारखी पट्टी असते, ती फिरताना तळातले तेल उडवते आणि त्या शिंतोड्यांवर सगळे वंगण चालते. तेल सपाट असेपर्यंत हे छान चालते. कोकणातल्या उतारावर पंप तिरका ठेवला की तेल एका बाजूला जमते आणि पट्टी हवेत फिरू लागते. म्हणून पंप ठेवताना खाली दगड-फळी लावून तो समपातळीत घ्यावा. या इंजिनात जेमतेम अर्धा-पाऊण लिटर तेल असते. मोटारीत दोनशे मिलिलिटर तेल कमी झाले तर चालून जाते, इथे तो साठ्याचा तिसरा हिस्सा असतो. तेल रोज, इंजिन थंड आणि सपाट असताना पाहावे. नव्या इंजिनाचे पहिले तेल साधारण वीस तासांनी आणि नंतर शंभर तासांनी बदलायचे असते. पहिल्या वीस तासांत नवे भाग एकमेकांवर घासून धातूचा बारीक चुरा तेलात उतरतो, म्हणून ते बदलणे चुकवू नये.

काही इंजिनांत तेल कमी झाले की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. त्याची माहिती नसलेला माणूस प्लग बदलतो, कॉइल बदलतो, पेट्रोल बदलतो, आणि शेवटी कुणीतरी तेल घालते तेव्हा इंजिन पहिल्या ओढीत धरते. ठिणगी नसेल तर तेलाची पट्टी पाहणे हे म्हणून पहिल्या कामांत असावे.

कोकणात पाणी जसे इंजिनाचा शत्रू, तशी सोलापूर-मराठवाड्याच्या कोरड्या रानात धूळ. पॉवर विडर कोरड्या ढेकळांत चालतो तेव्हा धुळीच्या ढगातूनच श्वास घेतो. एअर फिल्टर फाटला किंवा काढून टाकला, तर ती धूळ तेलात मिसळून घासण्याच्या पावडरीचे काम करते आणि एका हंगामात रिंगा खाऊन टाकते. फिल्टर काढला की इंजिन मोकळे चालते म्हणून तो काढून ठेवणारे आहेत, त्यांना हे कळकळीने सांगावेसे वाटते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, इंजिन तेलाचे थोडे थेंब लावून पिळून बसवावा. कागदाचा फिल्टर धुवू नये, तेलही लावू नये, हलक्या हाताने आपटून धूळ झाडावी आणि काळा पडला की बदलावा. पॉवर टिलरच्या तेलाच्या वाटीच्या फिल्टरमध्ये तेल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरले तर डिझेल इंजिन ते तेल ओढून त्यावरच बेफाम धावू शकते, आणि मग इंधन बंद करूनही थांबत नाही. तसे झालेच तर हवेचे तोंड जाड फळीने दाबून बंद करायचे. हात लावायचा नाही.

डिझेलचे मराठी शेतीशी नाते जुने आहे. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवरचे डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या खेड्यात सर्वांच्या ओळखीचे झाले. वीज पोहोचण्याआधी कितीतरी बागायती या इंजिनांनी उभी केली. हँडलने इंजिन फिरवताना व्हॉल्व उचलून धरायचा, वेग आला की सोडायचा, आणि हँडल पकडताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे इंजिन उलट फिरले तर हँडल हातातून सुटते आणि अंगठा मोडत नाही. हे जुन्या माणसांनी शिकवलेले शहाणपण आजही खरे आहे.

डिझेलला प्लग नसतो. हवा सोळा ते वीस पट दाबली जाते, तापते, आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून त्याची दुखणीही वेगळी. टाकी पूर्ण संपली किंवा फिल्टर बदलला की लाइन हवा धरते. पंप त्या हवेचा बुडबुडाच दाबत राहतो आणि डिझेल पुढे सरकत नाही. फिल्टरवरचा बोल्ट सैल करून बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत थांबायचे, मग तो आवळायचा, तसेच पंपाजवळ, आणि शेवटी इंजेक्टरच्या नळीचा नट थोडा सैल करून हँडल फिरवायचे. इथे एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. इंजेक्टर वातावरणाच्या दोनशे पटींच्या आसपास दाबावर उघडतो. त्या फवाऱ्यासमोर बोट धरले तर डिझेल कातडी फोडून आत शिरते. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते, आतून पेशी मरू लागतात. असे झाले तर जखम किरकोळ समजू नये, त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

धुराचा रंग डिझेलमध्ये प्लगचे काम करतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा बोजा जास्त. निळसर म्हणजे तेल जळते आहे. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळाने जातो, गेला नाही तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी शिरते आहे. आणि डिझेल असो की पेट्रोल, बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नये. जनरेटर पावसात भिजेल म्हणून पडवीत ओढणे, दार लावून घेणे, यातून माणसे गेली आहेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोप येते आहे असे वाटेपर्यंत उशीर झालेला असतो.

उभे राहण्याचा नियम गाडीलाही लागू आहे. २००५ मध्ये टाटांची एस आली, लोकांनी तिचे नाव छोटा हत्ती ठेवले, आणि मंडईपासून वाडीवस्तीपर्यंत मालवाहतुकीचे चित्र बदलले. पहिल्या गाडीत दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन होते. रोज पळणारा छोटा हत्ती क्वचितच रुसतो. पावसाळाभर हँडब्रेक ओढून अंगणात उभा राहिलेला मात्र रुसतो. ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटतात, म्हणून लांब मुक्कामाला गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक सोडावा. बॅटरी उभ्या उभ्या उतरते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा व्होल्ट १२.६ च्या आसपास असतो, तो १२.४ खाली जाऊन राहिला की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसू लागतो. म्हणून निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवावे आणि महिन्याला एकदा चार्ज करावे.

हंगाम संपल्यावर छोटे पेट्रोल इंजिन ठेवून देण्याची रीत नीट सांगतो, कारण या लेखातले सर्वांत उपयोगी काम तेच आहे. टाकी पूर्ण रिकामी करावी. मग इंजिन चालू करून कार्ब्युरेटरमधले उरलेसुरले पेट्रोल संपून ते आपणहून बंद पडेपर्यंत चालवावे, आणि वाटीच्या खालचा बोल्ट काढून राहिलेले थेंबही जाऊ द्यावेत. फोर-स्ट्रोक असेल तर तेल गरम असतानाच बदलावे. जुन्या तेलात आम्ल असते, आणि ते वर्षभर बेअरिंगवर बसून राहणे बरे नाही. प्लग काढून छिद्रातून चमचाभर स्वच्छ तेल सोडावे, दोरी हळू दोन-तीन वेळा ओढून ते पसरू द्यावे आणि प्लग परत लावावा. शेवटी दोरी हळूच ओढत न्यावी आणि जिथे विरोध लागेल तिथे थांबावे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व बंद असतात, आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. कोकणच्या पावसाळ्यात या एका कृतीने सिलिंडरला गंज धरत नाही. सिलिंडरच्या पंख्यांत अडकलेले गवत काढावे, ग्रास कटरच्या गिअरहेडमध्ये ग्रीस भरावे, यंत्र जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावे. गोणपाटाने झाकावे. प्लास्टिक नको, त्यात ओल कोंडते.

यंत्राच्या हँडलला एक छोटी वही बांधून ठेवावी असे मला वाटते. किती तास चालले, तेल कधी बदलले, कोणता प्लग लावला, कोणत्या तारखेचे पेट्रोल आहे, एवढेच तिच्यात असावे. घरात यंत्र वापरणारी माणसे दोन-तीन असतात, आणि कुणी तेल बदलले का हे दुसऱ्याला ठाऊक नसते. मिस्त्रीकडे जायची वेळ आलीच तर हीच वही पुढे करावी आणि काय काय तपासून झाले ते सांगावे: ठिणगी आहे, पेट्रोल येते, दोरी सुळकन येते. एवढे ऐकल्यावर तो सरळ रिंगा आणि व्हॉल्वकडे जातो आणि मजुरीही कमी लागते. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोलची नळी, दोरी आणि कार्ब्युरेटरचे पडदे हे सुटे भाग मे महिन्यातच आणून ठेवावेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या दुकानात तेच संपलेले असतात.